पिशवी काढली तरी शेंडा टांगायचा राहतोच

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

आता तू स्वतः टाके घालणार, म्हणून लिहिते. अंग बाहेर आलेल्या बाईची गर्भपिशवी काढली की काम झालं, असं मानू नकोस. पिशवी उतरते ती वरचा आधार सुटल्यामुळे. तो पुन्हा बांधला नाही, तर पुढे योनीचा शेंडाच खाली येतो आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड जातं.

ओपीडीत योनीची फुगलेली पुढची भिंत डोळ्यांत भरते आणि आपण तिलाच सिस्टोसील, म्हणजे मूत्राशय खाली उतरलंय, म्हणून मोकळे होतो. घाई करू नकोस. शेंडा आधाराने वर धरून बाईला पुन्हा जोर करायला लाव. भिंत बरीचशी वर गेली, तर नुसती भिंत शिवून भागणार नाही. मूत्राशय भरलेलं असताना तसंच खोकायला सांग. आत्ता लघवी सुटली, तर ऑपरेशननंतरही सुटू शकते, हे तिला आधीच कळायला हवं. पेसरीचा, म्हणजे आधारासाठी योनीत बसवायच्या कडीचा, पर्यायही सांगच. प्रत्येकीला ऑपरेशन लागत नाही.

शेंडा सॅक्रोस्पायनस लिगामेंटला (ओटीपोटाच्या मागच्या भागातला मजबूत पट्टा) टांगताना बोटाने इशियल स्पाइन, म्हणजे ते लिगामेंट जिथे चिकटतं ते हाडाचं टोक, चाचप. टाका तिथून साधारण 2 सेंमी आत, म्हणजे शरीराच्या मध्यरेषेकडे, लिगामेंटच्या जाडीतून घे. स्पाइनलगत प्युडेंडल नस आणि रक्तवाहिन्या आहेत. लिगामेंटच्या मागे सुई गेली तर रक्तस्राव आवरणं कठीण. नंतर नितंबात दुखतं, ते बहुधा काही आठवड्यांत ओसरतं. पण शुद्धीवर येताच पायात खाली जाणारी तीव्र कळ किंवा बधिरपणा असेल, तर वाट पाहू नकोस, टाका काढ.

युटेरोसॅक्रलला, म्हणजे गर्भपिशवीला मागून धरणाऱ्या लिगामेंटला, टांगलंस तर मूत्रवाहिनीला पीळ पडू शकतो. गाठी मारल्यावर सिस्टोस्कोपी कर, म्हणजे दुर्बिणीने मूत्राशयात बघ, आणि मूत्रवाहिन्यांच्या दोन्ही तोंडांतून लघवीची धार दिसेपर्यंत थांब. एका बाजूची दिसत नसेल, तर त्या बाजूचा सर्वांत बाहेरचा टाका आधी सोड.

योनीची कातडी कापताना हात आखडता घे. जास्त कापली की मार्ग अरुंद होतो, शरीरसंबंध दुखतो, आणि बायका ते बोलतही नाहीत. प्रोलॅप्ससाठी, म्हणजे अंग बाहेर येण्यावर, योनीमार्गे घालायच्या जाळीची विक्री अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने एप्रिल 2019मध्ये थांबवली. पोटातून करायच्या सॅक्रोकोल्पोपेक्सीची, म्हणजे शेंडा माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला टांगायच्या ऑपरेशनची, जाळी त्यात येत नाही, गल्लत करू नकोस.

कॅथेटर काढण्यापूर्वी मूत्राशयात 300 मिली सलाइन भर. कॅथेटर काढल्यावर तिने लघवी केली की 200 मिली तरी बाहेर आलं पाहिजे. कमी आलं तर कॅथेटर परत घाल आणि काही दिवसांनी पुन्हा तपास.

तुझी,
आई