किरणांसोबत सलाईन कशाला?

संपादक महोदय,

वहिनीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी रेडिएशन चालू असताना दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाचे सलाईनही लागायचे. ‘दोन-दोन विषं कशाला?’ म्हणून शेजारीपाजारी हळहळत. खरे तर किरणांनी कर्कपेशीतला डीएनए तुटतो, पेशी तो सांधू पाहते आणि सिस्प्लॅटिन त्या दुरुस्तीतच खोडा घालते. १९९९ पासून या आजारात ही जोडी रुळली आहे. गाठीत प्राणवायू कमी पडला तरी किरणांचा मारा बोथट होतो. म्हणून तर प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनवर लक्ष आणि तो घटवणाऱ्या सिगारेटला बंदी. (सिगारेट ओढायचा तो दादा, पण असो.) एवढे मराठी-कोंकणीत छापून रुग्णाच्या हाती द्यायला काय हरकत आहे? आम्हाला ते तिसऱ्या आठवड्यात, तेही एका नर्सबाईंकडून कळले.

— एक वाचक, म्हापसा