उत्खनन जिथे, संग्रहालयही तिथेच हवे

महोदय,

भूमध्य समुद्रातील जहाजसफरीला आता जळगाव, धुळे, नंदुरबारकडील मंडळीही जाऊ लागली आहेत. अशाच सफरीत ग्रीसमधील काताकोलो बंदरावर उतरून आम्ही ऑलिंपिक खेळांचे मूळ ठिकाण असलेले प्राचीन ऑलिंपिया पाहिले. त्या अर्ध्या दिवसात जे लक्षात आले, त्याचा आपल्या खान्देशाशी जवळचा संबंध आहे, म्हणून हे पत्र.

जहाजावरील काही प्रवाशांनी खर्च वाचवण्यासाठी केवळ बसचे तिकीट घेतले होते. परतल्यावर 'नुसते पडके दगड आहेत' एवढेच ते सांगत होते, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. इ.स.पू. पाचव्या शतकात बांधलेले झ्यूस या ग्रीकांच्या मुख्य देवाचे मंदिर पुढे इसवी सनाच्या सहाव्या शतकातील भूकंपांत कोसळले. त्याच्या खांबांचे प्रचंड गोल तुकडे आजही ओळीने कलंडलेले दिसतात. आमच्यासोबत मात्र परवानाधारक मार्गदर्शक होत्या. त्यांनी आम्हाला एका तुकड्याजवळ वाकून पाहायला लावले, तेव्हा त्या दगडात शिंपल्यांचे ठसे स्पष्ट दिसले. हा खडबडीत दगड झाकण्यासाठी त्यावर पांढरा गुळगुळीत गिलावा चढवलेला असे, हे कळल्यावर आडवे पडलेले ते मंदिर आमच्यासाठी पुन्हा उभे राहिले.

जवळच फिडियास या प्राचीन ग्रीक शिल्पकाराची कार्यशाळा आहे. प्राचीन जगातील सात आश्चर्यांत गणली गेलेली झ्यूसची सोने आणि हस्तिदंताची मूर्ती त्याने येथे घडवली. मूर्तीचा आज मागमूस नाही, आणि कार्यशाळेच्या भिंती उरल्या त्या पुढे तिथे चर्च झाले म्हणून. पण तिथून काही मिनिटे चालत संग्रहालयात गेलो, तर मूर्तीच्या वस्त्रांच्या चुण्यांसाठी वापरलेले मातीचे साचे समोर होते, आणि त्याच कार्यशाळेत सापडलेला एक साधा काळा पेलाही होता. 'मी फिडियासचा आहे' ही अक्षरे त्याच्या तळावर कोरलेली आहेत. नुकत्याच पाहून आलेल्या रिकाम्या भिंतींमध्ये त्या पेल्यामुळे एक माणूस वावरू लागला. जर्मन अभ्यासकांनी १८७५ मध्ये येथे उत्खनन सुरू केले, ते सापडलेल्या वस्तूंची मालकी ग्रीसकडेच राहील असा करार झाल्यावर. त्या दूरदृष्टीचे फळ आज प्रत्येक प्रवाशाला मिळते.

आता आपल्याकडे पाहू. दक्षिण काशी म्हटल्या जाणाऱ्या प्रकाशा येथे तापी-गोमाईच्या संगमाजवळ १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, आणि सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे, नक्षी कोरलेले कवचही. एवढे असूनही दक्षिण काशीला येणारा भाविक देवदर्शन आणि संगमावरचे स्नान आटोपून परततो, पाटण्याजवळच्या पाटणादेवीला गेलेला माणूस दर्शन घेऊन निघतो, आणि अजिंठ्यासाठी जळगाव स्थानकावर उतरलेला परदेशी पाहुणा तसाच पुढे जातो. त्यांना थांबवून काही सांगणारे कोणी नाही. जुने कागद आणि वस्तू जपण्याची परंपरा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने आपल्या भागात कधीच घालून दिली आहे, हे पाहता ही उणीव अधिकच खटकते.

ऑलिंपियासारखी भव्य इमारत कोणी मागत नाही. राज्य पुरातत्त्व विभागाने आणि नंदुरबार व जळगाव या दोन्ही जिल्हा परिषदांनी मिळून प्रकाशा व पाटणे येथे प्रत्येकी एक दालन उभारावे. मूळ वस्तू देणे शक्य नसेल, तर त्यांच्या उत्तम प्रतिकृती आणि उत्खननाची छायाचित्रे मराठी माहितीसह तिथे मांडावीत. शहादा आणि चाळीसगावच्या महाविद्यालयांत इतिहास शिकणाऱ्या मुलामुलींना प्रशिक्षण व ओळखपत्र देऊन ठरलेल्या मानधनावर मार्गदर्शक नेमावे. येत्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत लोकप्रतिनिधींनी यासाठी तरतूद मागावी, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, शहादा (जि. नंदुरबार)