टेंपरेचर मीटरसोबत चुकीचा सेन्सर पाठवल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

महोदय,

आपल्याकडून मागवलेलं टेंपरेचर मीटरचं किट मी माझ्या जुन्या डिझेल जीपला बसवून घेतलं. गाडी खानापूरहून चोर्ला घाटाने गोव्याला भाजी घेऊन जाते. परतताना केरीपासून जो चढ लागतो, त्यात इंजिन तापतं. मीटर घेतलं ते त्यासाठीच, डॅशबोर्डवर शोभेला नव्हे. आणि त्याच चढावर बॉनेटमधून वाफ आली, तेव्हा काटा नव्वदीवर निवांत होता.

आपल्या ग्राहक सेवेचं म्हणणं, मेस्त्रीने इंजिनात बसणाऱ्या सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली असणार, त्यामुळे अर्थिंग मिळत नाही. सेन्सर एका वायरचा आहे, त्याला अर्थिंग बॉडीतूनच मिळतं, हे आमच्या मेस्त्रीला ठाऊक आहे. त्याने टेप लावलेलीच नाही. तरीही आम्ही सेन्सर काढला, त्याच्या बॉडीला बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट वायर जोडली आणि त्याचं टोक उकळत्या पाण्यात धरलं. आमच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. काटा ८० च्या पुढे सरकला नाही.

मग मल्टिमीटर लावला. उकळत्या पाण्यात सेन्सरचा रोध (रेझिस्टन्स) ६६ ओम. आपल्याच माहितीपत्रकातल्या तक्त्यात १०० अंशांना ३८ ओम दिले आहेत. ऑइल पुसून पाहिलं तर सेन्सरच्या षटकोनी डोक्यावर बारीक आकड्यांत १५० कोरलेलं आहे, म्हणजे तो १५० अंशांपर्यंतच्या डायलचा, आणि आमचा डायल १२० पर्यंतचा! दुसऱ्याच मीटरचा सेन्सर या खोक्यात भरला गेला. तापमान वाढेल तसा रोध कमी होतो. या सेन्सरचा रोध मुळातच जास्त, म्हणून काटा कायम कमी दाखवणार. इंजिन ११० ला पोचलं तरी चालकाला नव्वदच दिसणार. यापेक्षा मीटर नसलेलं परवडलं, निदान माणूस सावध तरी राहतो.

सोबत डोक्यावरच्या आकड्याचा फोटो, उकळत्या पाण्यातल्या चाचणीचा व्हिडिओ आणि बिल जोडलं आहे. डायलशी जुळणारा सेन्सर आपल्या खर्चाने पाठवावा आणि वाया गेलेलं कूलंट व मेस्त्रीची मजुरी भरून द्यावी. याच लॉटची इतर खोकीही तपासा, घाटात गाडी चालवणारा मी एकटाच नाही. "फिटिंगचा दोष" हे उत्तर पुन्हा आलं, तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. २०१९ च्या कायद्याने ती मला राहत्या जिल्ह्यात करता येते.

आपला,
एक ग्राहक
खानापूर, जि. बेळगाव