वजनकाटा हाती दिल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर,

कुत्र्याला कच्चं मांस घालावं का, या प्रश्नाला सहसा दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणतो, कुत्रा लांडग्याच्या कुळातला, बिनधास्त घाला. दुसरा म्हणतो, चुकूनही घालू नका. तुम्ही मात्र समोर येणाऱ्या प्रत्येक श्वानपालकाला आधी विचारता, "दिवसाला हाड किती ग्रॅम जातं?" या एका प्रश्नामुळे किती कुत्र्यांची हाडं शाबूत राहिली असतील, हे आता आम्हाला कळतं. म्हणून हे पत्र.

हाडाचा हिशेब तुम्ही सगळ्यांत आधी का घेता, तेही तुम्हीच समजावलंत. एक किलो बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस सुमारे 2 ग्रॅम असतो आणि कॅल्शियम जेमतेम 0.1 ग्रॅम. कुत्र्याला हवं ते जवळजवळ उलटं: फॉस्फरसच्या एका भागाला कॅल्शियमचे 1 ते 2 भाग, शक्यतो 1.2 ते 1.4. नुसतं मांस घालत राहिलं की रक्तातली पातळी राखण्यासाठी गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी कॅल्शियम हाडांतून ओढून घेतात. त्यामुळे रक्ततपासणीत कॅल्शियम ठीकच दिसतं आणि माणूस निर्धास्त राहतो. मोठ्या कुत्र्यात महिनोन्महिने काही जाणवत नाही. पिल्लाची हाडं मात्र काही आठवड्यांतच मऊ पडतात, पाय वाकतात, साध्या उडीत मोडतात.

बरोबर उलटी चूकही तितकीच महागात पडते. सहा महिन्यांखालच्या पिल्लाला आतड्यातून जास्तीचं कॅल्शियम नीट अडवता येत नाही. मोठ्या चणीच्या जातीत त्याने सांध्यांची वाढ बिघडते. "हाडं चांगली असतात, घाला भरपूर" हा सल्ला म्हणून तुम्हाला सहन होत नाही, आणि ते योग्यच आहे.

तुम्ही कागदावर मांडून दिलेलं 20 किलोच्या प्रौढ कुत्र्याचं गणित अजून शीतकपाटाच्या दारावर चिकटवलेलं असतं. वजनाच्या अडीच टक्के म्हणजे दिवसाला 500 ग्रॅम. त्यात 10 टक्के हाड, म्हणजे 50 ग्रॅम. पण कोंबडीची मान म्हणजे नुसतं हाड नव्हे. कातडी काढलेल्या मानेत हाड सुमारे 36 टक्के असतं. म्हणून माना 140 ग्रॅम. पंख घेतले (हाड सुमारे 46 टक्के) तर 110 ग्रॅम पुरतात. मग कलेजी 25 ग्रॅम, गुर्दा किंवा प्लीहा 25 ग्रॅम आणि माना घेतल्या तर उरलेलं 310 ग्रॅम बिनहाडाचं मांस. हृदय आणि कोंबडीचा पोटा दिसायला अवयव असले तरी हिशेबात ते मांसच, हे तुम्ही सांगेपर्यंत बहुतेकांचं तिथेच चुकायचं. कलेजी कुत्र्याला कितीही आवडली तरी 5 टक्क्यांवर थांबायचं, कारण तिच्यातलं अ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं.

हाड द्यायचंच नसेल त्यांच्यासाठी तुम्ही अंड्याच्या टरफलाची भुकटी सुचवलीत. टरफलं धुऊन 10 मिनिटं उकळायची, कडकडीत वाळवायची आणि पिठासारखी मऊ दळायची. रवाळ राहिली तर नीट पचत नाही. एक किलो बिनहाडाच्या मांसाला 6 ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. त्यातून सुमारे 2.3 ग्रॅम कॅल्शियम मिळतं. हाडाचा हिशेब पुरा असेल तर मात्र भुकटी घालायची नाही.

80:10:10 (80 टक्के मांस, 10 टक्के हाड, 10 टक्के अवयव) म्हणजे पूर्ण आहार, हा समज मोडल्याबद्दल तर विशेष आभार. हे प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे, एवढंच. प्रौढ कुत्र्याला दर 1000 कॅलरींमागे जस्त 15 मिलिग्रॅम, मँगनीज 1.2 मिलिग्रॅम, आयोडीन 220 मायक्रोग्रॅम आणि ई जीवनसत्त्व 7.5 मिलिग्रॅम लागतं. नुसत्या कोंबडीवर जस्त बहुधा निम्म्याच्या आसपासच भरतं. उकडलेली कालवं जस्त देतात, मसल्स जातीचे शिंपले मँगनीज. कच्चे शिंपले आणि काही मासे यांतल्या थायमिनेज या विकरामुळे ब1 जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून ते शिजवूनच. माशाचं तेल सुरू केलं की ई जीवनसत्त्वाची गरज वाढते, हे डबीवर कुणी छापत नाही. समुद्री शेवाळाच्या भुकटीत आयोडीन किती, हे मात्र डबीवर वाचूनच मोजायचं, कारण दर डबीत ते वेगळं असतं.

वजनाचे टक्के ही फक्त सुरुवात. 500 ग्रॅम कोरड्या, चरबी नसलेल्या मांसात 600 कॅलरी असतील, तर चरबीदार खिम्यात त्याच्या दुप्पट. म्हणून तुमचं सूत्र: वजनाचा घन करा, त्याचं वर्गमूळ दोनदा काढा, 70 ने गुणा. 20 किलोला दिवसाच्या 662 कॅलरी येतात. नसबंदी झालेल्या प्रौढाला त्याच्या 1.6 पट, म्हणजे सुमारे 1060. त्यानंतर दर पंधरवड्याला वजन करायचं आणि बरगड्या चाचपायच्या.

जुन्या खाण्यावरून कच्च्या मांसावर बदल 7 ते 10 दिवसांत, एकाच प्राण्याच्या मांसाने सुरुवात करून, आणि रोज विष्ठा पाहून. पांढरी, खडूसारखी भुरभुरीत आणि कुंथून होत असेल तर हाड जास्त. सैल आणि गडद असेल तर बहुधा अवयव जास्त. पण डांबरासारखी काळी, चिकट असेल तर कलेजीला दोष देत बसायचं नाही, आतला रक्तस्राव समजून थेट तुमच्याकडे यायचं.

हाडांबाबत तुमचे नियम सरळ आहेत. शिजवलेलं हाड कधीच नाही. ते कोरडं, ठिसूळ होऊन टोकदार तुकड्यांत फुटतं. मोठ्या जनावराच्या मांडीचं हाड कच्चंही नाही, कारण त्यावर वरची मोठी दाढ चिरते. मोठ्या जनावराच्या गळ्याचे तुकडे टाळायचे. त्यांत थायरॉइड ग्रंथी राहिली तर तिच्यातलं संप्रेरक थेट कुत्र्याच्या पोटात जातं. डुकराचं कच्चं मांस पूर्ण बंद, कारण त्यातून येणारा ऑजेस्की हा विषाणूचा रोग झालेला कुत्रा वाचत नाही. आणि कोंबडीच्या माना आमच्या कागदावर असतानाही, कच्ची कोंबडी आणि कुत्र्यांचे पाय अचानक लुळे पडण्याचा आजार यांचा संबंध मेलबर्न विद्यापीठाच्या 2018 मधल्या अभ्यासात दिसला, हे तुम्ही आमच्यापासून लपवलं नाहीत. संशय कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूवर आहे. काहींनी तेवढ्यावर माना सोडून भुकटी घेतली, आणि तुम्ही त्यांना पुन्हा नवं गणित मांडून दिलंत.

गोठवण्याबद्दलचा आमचा भ्रमही तुम्हीच काढलात. उणे 20 अंशांवर 7 दिवसांत बरेच परजीवी मरतात. साल्मोनेला आणि लिस्टेरिया हे जिवाणू मात्र तगून राहतात. म्हणून मांस वितळवायचं ते शीतकपाटात, 4 अंशांच्या आत, झाकलेल्या डब्यात, सगळ्यांत खालच्या कप्प्यात. कोंबडी नळाखाली धुवायची नाही, शिंतोड्यांबरोबर जिवाणू ओट्यावर पसरतात. सुरी आणि पाट वेगळे. वाडगं अर्ध्या तासात उचलून गरम पाण्याने, साबणाने घासायचं. ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्याच्या विष्ठेतूनही साल्मोनेला बाहेर पडत असतो, तेव्हा ती उचलल्यावरही हात धुवायचे.

अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशनने 2012 मध्ये कच्च्या मांसाविरुद्ध धोरण घेतलं, हे तुम्ही प्रत्येकाला सांगता. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई, वयस्कर माणूस किंवा केमोथेरपी चालू असलेला रुग्ण असेल तर तुम्ही स्पष्ट नाही म्हणता. स्टेरॉइडवरच्या किंवा स्वादुपिंडाच्या आजारातून उठलेल्या कुत्र्यालाही नाही. अशांना तुम्ही रिकाम्या हाताने पाठवत नाही: तेच मांस शिजवून, त्याच कॅल्शियमच्या हिशेबाने, तितक्याच बारकाईने दुसरा कागद लिहून देता. हे आभार त्यांच्याही वतीने आहेत.

तुमचे कृतज्ञ,
काही श्वानपालक