करवतीच्या पात्याइतकीच तिच्या वायरची काळजी घ्या

मा. संपादक,
स. न.

विजेच्या करवतीची निगा कशी राखावी, हा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. पाते कसे निवडावे, दाते कधी लावून घ्यावेत हे त्यात नीट सांगितले आहे. मात्र वीज कशी आणि किती लांबून द्यायची, याबद्दल ‘चांगला एक्स्टेन्शन बोर्ड वापरावा’ एवढे एकच वाक्य आहे. मी २१ वर्षे मोटर वाइंडिंगचे काम करते. माझ्या टेबलावर जळून आलेल्या कितीतरी करवतींचा दोष करवतीत नव्हताच, तो वायरीत होता. म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात एक सुतार गोल पात्याची करवत घेऊन आले. “मोटर हलकी लावलीय,” अशी त्यांची तक्रार. उघडून पाहिली तर आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या, सगळ्या गुंडाळ्या सारख्याच काळ्या पडलेल्या, व्हार्निशचा जळका वास अजून येत होता. एखादीच गुंडाळी गेली असती तर दोष तेवढ्या जागेचा म्हणता आला असता. सगळीकडे सारखा काळेपणा म्हणजे मोटर बराच काळ तापत राहिली. “वायर कुठली लावता?” मी विचारले. त्यांनी पिशवीतून ३० मीटरचे वेटोळे काढून दाखवले. दिव्याबिव्याला लावतात तसली, पाऊण चौरस मिलिमीटरची.

त्यांना मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. वीज जाणार ३० मीटर आणि परत येणार ३० मीटर, म्हणजे ६० मीटर तांबे. एवढ्या बारीक तारेचा रोध होतो साधारण १.४ ओहम. १८०० वॉटची करवत २३० व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर ओढते. म्हणजे ११ व्होल्ट वाटेतच गेले आणि वायरीत ९० वॉटची उष्णता तयार झाली. पाते लाकडात अडले आणि करंट दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते. वायर रिळावर गुंडाळलेलीच असेल, तर ती उष्णता बाहेर पडायलाही जागा नाही. आतल्या वेढ्यांचे प्लास्टिक मऊ होऊन एकमेकांना चिकटलेली रिळे मी पाहिली आहेत. हीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची असती तर वाटेतली घट साडेतीन व्होल्टच्या आत राहिली असती.

करवतीचे काय होते तेही सांगते. व्होल्टेज पडले की मोटरचा जोर कमी होतो, पाते मंदावते. कापणारा माणूस साहजिकच जास्त रेटतो. रेटले की करंट वाढतो. मोटर थंड करणारा पंखा तिच्याच दांड्यावर असतो, त्यामुळे नेमक्या त्याच वेळी वाराही कमी मिळतो. त्यात आतल्या जाळ्या भुशाने बुजलेल्या असल्या, तर गुंडाळ्या जळायला वेळ लागत नाही. काम संपल्यावर दोन मिनिटे ब्रश फिरवून जाळ्या मोकळ्या केल्या, तरी मोटरचे आयुष्य वाढते.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे “वायर अशी धरली की चालते, सोडली की बंद पडते.” करवत ठेवताना वायर अंगाभोवती आवळून गुंडाळली की मुठीपाशी, जिथे ती आत शिरते, तिथेच रोज वाकते. आतले तांबे एकेक धागा तुटत जाते, उरलेल्या धाग्यांवर भार येतो आणि ती जागा तापते. वायर सैल, मोठ्या वेढ्यांनी गुंडाळावी. तुटली तर पीळ देऊन चिकटपट्टी लावू नये, पूर्ण बदलावी. हेच तडकलेल्या कवचाचे. एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असलेल्या करवतीला अर्थिंगची तार नसते. दुहेरी इन्सुलेशन हेच तिचे संरक्षण आणि प्लास्टिकचे कवच बहुधा त्याचाच भाग असते. तडा गेलेली करवत चालत असली तरी चालवू नये.

फ्यूज आहे, एमसीबी आहे, मग भीती कसली, असे अनेक जण म्हणतात. १६ अँपिअरचा एमसीबी वायरला वाचवतो. माणसाच्या जिवाला त्याहून कितीतरी कमी करंट पुरतो. त्यासाठी आरसीसीबी हवा, म्हणजे ३० मिलिअँपिअर करंट जमिनीकडे गळू लागला की पुरवठा तोडणारा स्विच, आणि त्याचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहायला हवे. उघड्यावर, ओलसर जमिनीवर काम करणाऱ्यांनी तरी त्याशिवाय करवत सुरू करू नये.

वाइंडिंग मी वडिलांकडून शिकले. पाते बदलायची चावी करवतीच्या खाचेत ठेवायची सोय असते, पण ते ती कधी तिथे ठेवत नसत. प्लगपासून वीतभर अंतरावर वायरीला दोरीने बांधून ठेवत. चावी हवी तर प्लग काढल्याशिवाय गत्यंतर नाही! त्यांच्या जोडीदाराची दोन बोटे पाते बदलताना गेली होती. प्लग लावलेला होता आणि मुठीवरचा अंगठा चुकून बटणावर पडला. तेव्हापासून वडिलांनी ही दोरी बांधली. माझ्या करवतीलाही ती आहे. बॅटरीवरच्या करवतीला वायर नाही, पण नियम तोच. आधी बॅटरी काढायची, मग पात्याला हात लावायचा.

ठेवण्याबद्दल लेखात आहे त्यात एवढीच भर घालते. भुसा ओल धरतो, त्यामुळे साफ न करता पेटीत बंद केलेली करवत आतून गंजते. पात्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा. पात्यावरचे खालचे संरक्षक कवच हाताने मागे ओढून सोडावे, ते झटकन परत आले पाहिजे. अडत असेल तर चिकटलेला डिंक काढावा. पाचर मारून ते उघडे ठेवलेले दिसले, तर मी करवत दुरुस्त करण्याआधी पाचर काढून टाकते.

पुरवणीच्या पुढच्या अंकात वायरची लांबी, जाडी आणि करवतीचे वॉट यांचा एक छोटा तक्ता द्यावा, अशी विनंती आहे. जाडीचा आकडा बहुतेक वायरींवर छापलेला असतो. तो कुठे पाहायचा आणि त्याचा अर्थ काय, एवढे कळले तरी पुष्कळ करवती माझ्या टेबलावर येणार नाहीत.

कळावे.
आपली एक वाचक,
मोटर वाइंडिंग कारागीर