दुसरा खंड हातात दिल्याबद्दल, ताई…

प्रिय ताई,

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. वाचनालयात पुस्तक नुसतं नोंदवून देणारे बरेच असतात, ते वाचायचं कसं हे दाखवणाऱ्या तुम्ही मला भेटलात.

ब्रँडन सँडर्सनच्या ‘मिस्टबॉर्न’चा पहिला खंड परत करताना मी विचारलं होतं, जुलमी सम्राट मेला, आता पुढे उरलंय काय? तुम्ही कपाटातून ‘द वेल ऑफ असेन्शन’ काढलंत आणि म्हणालात, “आता राज्य चालवायचंय की!” सोबत तुमच्या हातचा एक कागद दिलात. एका बाजूला धातूंची यादी, दुसऱ्या बाजूला लुथाडेल या राजधानीच्या गादीवर डोळा असलेली माणसं. दोन्ही बाजू एकदम वाच, एवढंच सांगितलंत.

ॲलोमन्सीत, म्हणजे या कादंबऱ्यांतल्या जादूत, धातू गिळून तो पोटात ‘जाळायचा’. पोलाद जाळलं की आसपासचा धातू ढकलता येतो, लोखंडाने ओढता येतो. पण हवेतलं नाणं ढकललं तर नाणं उडतं, आणि तेच नाणं जमिनीला टेकलेलं असेल तर ढकलणारी नायिका व्हिन स्वतःच वर फेकली जाते. ताकद फुकट मिळत नाही, तिला नियम आहेत. हे डोक्यात बसलं आणि मग नवा राजा एलेंड याचं राजकारण उलगडत गेलं. प्रतिनिधींच्या सभेचा विश्वास उडाला तर राजाने पायउतार व्हावं, हा कायदा त्याने स्वतःच लिहिलेला. शहराबाहेर सख्ख्या बापाची, स्ट्रॅफची, फौज, मग सेट या दुसऱ्या सरदाराची, मग जुन्या मित्राने आणलेले कोलॉस नावाचे राक्षसी सैनिक (त्यांना पगार म्हणून रंगवलेली लाकडी नाणी!). अशा वेळी सभा त्याच कायद्याने त्याला काढते आणि तो ते मान्य करतो. कुठल्याही लढाईपेक्षा मला तो प्रसंग थरारक वाटला.

दुसरा खंड अजून वाचला नसेल त्यांनी इथून पुढे जपून.

पितळाने दुसऱ्याच्या भावना शांत करता येतात. एलेंडचा साथीदार ब्रीझ हे माणसांवर इतक्या बेमालूमपणे करतो, की मी ते गमतीतच घेत होते. तुम्ही मात्र कागदावर पितळापुढे “लक्ष ठेव” असं लिहिलं होतंत. शेवटी व्हिन ड्युरॅल्युमिनची (दुसऱ्या धातूचा जोर एकदम वाढवणाऱ्या धातूची) जोड देऊन भावनांवरची तीच पकड कोलॉसच्या अख्ख्या सैन्यावर वापरते. लेखकाने त्याची पूर्वसूचना आधीच एका कांद्रावर (रूप बदलणाऱ्या प्राण्यावर) दिलेली होती. तुमच्या त्या दोन शब्दांमुळे ती माझ्या नजरेतून निसटली नाही. तो आनंद मला तुम्ही मिळवून दिलात.

त्यानंतर व्हिन स्ट्रॅफला मारते, उरलेल्या दावेदारांना एलेंडपुढे निष्ठेची शपथ घ्यायला लावते, आणि कायद्यासाठी गादी सोडणारा माणूस तलवारीच्या जोरावर सम्राट होतो. वाचनालय बंद करायची वेळ टळून गेली तरी तुम्ही यावर माझ्याशी वाद घालत बसलात. वेढ्यातून वाचलेल्या शहराला आधी सुरक्षितता हवी, हा तुमचा मुद्दा मला कळतो. पण सभेला न विचारता दिलेला मुकुट मला अजूनही पटलेला नाही. तिसरा खंड, ‘द हीरो ऑफ एजेस’, निम्मं वाचून झालंय, शनिवारी भांडायला येते.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
एक वाचक