काका, तुमच्या एका प्रश्नासाठी

आदरणीय मुकादम काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मुद्दाम उघड लिहिते आहे. तुमची नात तुम्हाला ते वाचून दाखवेलच, पण आमच्या तालुक्याबाहेरच्या शिक्षकांनीही ते वाचावं असं मला मनापासून वाटतं. सोयाबीनच्या ऐन हंगामात, यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असताना, तुम्ही हमाल मंडळी ज्या फळीवरून ट्रकमध्ये पोती चढवता, त्या फळीजवळ माझ्या नववीच्या पोरांना दुपारभर उभं राहू दिलंत. मापाऱ्यांकडून काटा मोकळा करून घेतलात. पोरं एकाही पोत्याला हात लावणार नाहीत, ही अट तुम्हीच घातलीत. या सगळ्याचे आभार आहेतच. पण खरे आभार तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे.

पोरांनी टेपने ट्रकच्या फाळक्याची उंची मोजली, ती १.२ मीटर भरली. काट्यावर पोतं ५० किलोचं. मग कार्डबोर्डवर पोतं वर नेण्याच्या कार्याचं गणित मांडलं: वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, म्हणजे ५० × ९.८ × १.२ = ५८८ ज्यूल. पुस्तकातली उदाहरणं अशीच असतात आणि उत्तर बरोबर आलं म्हणून पोरं खूश होती. तुम्ही उपरण्याने मान पुसत म्हणालात, “मॅडम, पोत्याचं तं झालं. अन् माह्या आंगाचं? ते का फळीवर आपसूक चढते?”

काका, इतकी वर्षं हा धडा शिकवते, पण हा प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता. तुम्ही स्वतःच काट्यावर उभे राहिलात. ६० किलो. आता वर जाणारं वजन ११० किलोचं झालं आणि कार्य जवळपास १२९४ ज्यूल. म्हणजे प्रत्येक खेपेला निम्म्याहून जास्त कार्य अंग वर नेण्यात जातं. फळीवर तुमची सहा पावलं पडतात, दर पावलाला २० सेंटिमीटर चढ. फळीमुळे एकूण कार्य कमी होत नाही, ते सहा घासांत वाटलं जातं, एवढंच.

मग मोबाइलवर वेळ लावली. तुम्ही चार सेकंदांत चढलात: १२९४ भागिले ४, सुमारे ३२३ वॅट. वजनाने तुमच्याइतकाच असलेला तुमचा भाचा तीन सेकंदांत पळत गेला: ४३१ वॅट. अश्वशक्ती ७४६ वॅटची, तेव्हा तो तेवढ्या क्षणापुरता अर्ध्या घोड्याच्या वर गेला. दोघांचं कार्य सारखं, शक्ती, म्हणजे दर सेकंदाला होणारं कार्य, वेगळी. हा फरक मी फळ्यावर कितीदा लिहून दिला असेल, पण पोरांना तो त्या दिवशी डोळ्यांनी दिसला. आणि तुम्ही सावकाश का चढता हेही. दिवसभर टिकवून धरायची माणसाची शक्ती साधारण ७५ वॅटच्या आसपास असते, तीनशे-चारशे वॅट फक्त थोडा वेळ निघतात आणि मग उसंत घ्यावीच लागते.

दहा टनांच्या गाडीत अशी २०० पोती. चौघांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला ५० खेपा, म्हणजे सुमारे ६४,७०० ज्यूल. एका मुलीने हिशोब केला की ७५ वॅटचा पंखा एवढ्या ऊर्जेवर पाऊण तासही नाही, फक्त चौदा मिनिटं फिरेल. सगळे गप्प झाले. तुम्ही मात्र लगेच विचारलंत, “एवढंसंच काम, तं मंग घाम कायले फुटते?”

त्याचं उत्तर मी तिथे घाईत दिलं, इथे नीट देते. स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात त्यातली जेमतेम पाव किंवा पाचवा हिस्सा वजन वर नेण्याच्या कामी येते. उरलेल्याची उष्णता होते आणि ती बाहेर टाकायला घाम लागतो. त्यात थप्पीपासून फळीपर्यंतची सपाट चाल. तिथे गुरुत्वाविरुद्धचं कार्य शून्य, कारण बल खाली-वर आणि चाल आडवी. एका पोराने हे मोठ्याने म्हटलं तेव्हा तुम्ही “शून्य? हे माह्या मानेले सांग” म्हणालात. तुमची मानही खरं बोलते, काका. पोतं जमिनीवर ठेवलं तर जमिनीला काही खर्च येत नाही. खांद्यावर धरलं की स्नायूंचे तंतू पुन्हा पुन्हा आकसतात, पोतं न हलताही ऊर्जा जाळतात. सूत्र पोत्याचा हिशोब देतं. शरीराचा हिशोब निराळा मांडावा लागतो आणि विज्ञानाच्या तासाला तो मांडलाच पाहिजे, असं माझं ठाम मत झालं आहे.

तुम्ही तरुणपणीच्या क्विंटलच्या पोत्याची गोष्ट सांगितलीत, ते गणित आम्ही शाळेत येऊन केलं. १०० किलोचं पोतं एका खेपेत: सुमारे १८८२ ज्यूल. तेच ५० किलोच्या दोन खेपांत: सुमारे २५८७ ज्यूल, कारण अंग दोनदा वर न्यावं लागतं. नुसतं कार्य पाहिलं तर क्विंटलचं पोतं फायद्याचं! पण मणक्यावरचा भार दुप्पट. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो धरली, ती ज्यूल वाचवण्यासाठी नाही, माणूस वाचवण्यासाठी. तुमच्या गुडघ्यांकडे पाहून पोरांना हे वेगळं समजावावं लागलं नाही.

आता घटक चाचणीत माझं उदाहरण असं असतं: “पोते ५० किलो, हमाल ६० किलो, फळीची उंची १.२ मीटर.” हमालाचं वजन विसरणाऱ्याला अर्धेच गुण. तुमच्या नातीला पूर्ण मिळाले, हे तिने सांगितलं नसेल तर मी सांगते.

एक विनंती आहे. तुरीची आवक सुरू झाली की लांब फळी लावून तुमच्या पावलांची आणि वेळेची नोंद करायची आहे. तुमच्या नाडीचे ठोकेही, तुमची हरकत नसेल तर. शनिवारी सकाळची शाळा असते, सुटल्यावर येऊ, गाड्या भरायची घाई नसेल तेव्हा. कोणता शनिवार सोयीचा ते नातीजवळ कळवा.

तुमची,
नववीची विज्ञानाची मॅडम